नवं शहर, तरुण हात आणि सरकारी कॅमेरा

रानजाई

सेर्गेई गेरासिमोवचा 'कोम्सोमोल्स्क' (लेनफिल्म स्टुडिओ, १९३८) गेल्या आठवड्यात बघितला. आता डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

प्रचारपट म्हटलं की आपल्याकडे दोन ठरलेल्या तऱ्हा असतात. एक तर नाक मुरडायचं, नाहीतर 'आशय सोडा हो, फ्रेम बघा काय लावलीय' म्हणत मान डोलवायची. मला यातलं काहीच करायचं नाहीये. हा चित्रपट नेमकं काय विकतो आणि ते इतकं गोड का लागतं, त्यावर लिहिते.

गोष्ट थोडक्यात. सोव्हिएत संघाच्या पार पूर्वेकडच्या टोकाला, अमूर नदीकाठी, तैगाचं जंगल तोडून तरुण मुलंमुली शहर वसवताहेत. ही सगळी कोम्सोमोलची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेची पोरं. नताशा नावाची मुलगी तिथे येते. तिचा नवरा आधीपासून कामावर आहे. तिला नुसती चूल सांभाळायची नाही, काम हवंय. नवऱ्याला ते पचत नाही. घरात खटके उडतात, बाहेर भिंती चढतात, आणि मध्येच एक घातपाती दुसऱ्याच माणसाचं सोंग घेऊन घुसतो. तो पकडला जातो, शहर उभं राहतं.

शहर खरंखुरं आहे. १० मे १९३२ला खाबारोव्स्कहून आलेल्या 'कॉमिन्टर्न' आणि 'कोलंब' या आगबोटी पेर्म्स्कोये नावाच्या खेड्याशी लागल्या आणि पहिली तुकडी उतरली. डिसेंबरात कागदोपत्री शहरही झालं : कोम्सोमोल्स्क-ना-अमूरे. तेव्हा तिथे शहर म्हणावं असं काहीच नव्हतं. पण घाई होती. १९३१मध्ये जपानने मांचुरिया घेतला होता, आणि मॉस्कोला समुद्रापासून आत, तोफांच्या टप्प्याबाहेर, जहाजांचा आणि विमानांचा कारखाना हवा होता.

पहिल्या हिवाळ्यात लोक तंबूत आणि जमिनीत खणलेल्या खोपटांत राहिले. ताजी भाजी नाही, त्यामुळे हिरड्या सुजून दात हलायला लागले. स्कर्व्ही. रातांधळेपणा. कित्येक जण वाट फुटेल तिकडे पळाले. नंतर, १९३४च्या सुरुवातीला, लष्करी बांधकाम तुकड्यांचे हजारो जवान खाबारोव्स्कहून गोठलेल्या नदीवरून चालत इथवर आले. आणि कैदी तर होतेच. आसपासच्या रेल्वेची आणि बांधकामांची मोठी कामं छावण्यांमधल्या कैद्यांनी केली.

चित्रपटात थंडी आहे, चिखल आहे, अडचणीही आहेत. कैदी नाहीत.

गेरासिमोव हा काही छाती पिटून भाषणं करायला लावणारा दिग्दर्शक नव्हता, आणि त्याची ताकद तीच. त्याने स्वतःच्या हाताखाली नटांचा एक चमू घडवला होता आणि त्यांच्याकडून तो साधं, अडखळतं, घरगुती बोलणं काढून घ्यायचा. नताशा झालीय तमारा माकारोवा, म्हणजे त्याची बायको. प्योत्र अलेयनिकोव आहे, ज्याला नुसतं पडद्यावर उभं केलं तरी प्रेक्षक हसायला तयार असत. निकोलाय क्र्युचकोव आहे. ही माणसं चहा पिताना, रुसताना, एकमेकांची टर उडवताना बघताना आपण विसरतो की यांच्या मागे एक योजना, एक खातं आणि एक आकडा उभा आहे.

मला वाटतं खरा प्रचार त्या नवराबायकोच्या भांडणात आहे. घोषणा आणि झेंडे तर आंधळ्यालाही दिसतात. पण नवरा जेव्हा म्हणतो की बायकोने घरी बसावं, तेव्हा तिच्या बाजूने कोण उभं राहतं? संघटना. बांधकाम. म्हणजेच राज्य. बघणारी कुठलीही मुलगी आपोआप राज्याच्या बाजूला जाऊन बसते, आणि तिथे बसण्याचं तिचं कारण शंभर टक्के प्रामाणिक असतं.

शिवाय ही जाहिरातही होती. फेब्रुवारी १९३७मध्ये वालेन्तिना खेतागुरोवा या सेनाधिकाऱ्याच्या पत्नीचं पत्र 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा'त छापून आलं : मुलींनो, अतिपूर्वेला या, इथे तुमची गरज आहे. देशभरातून अर्जांचा पाऊस पडला आणि हजारो मुली खरोखर गेल्या. पुरुष तिथे टिकत नव्हते. घर झालं, बायका आल्या, तर टिकतील असा हिशोब होता. पुढच्याच वर्षी नताशा पडद्यावर.

दुसरा भाग तो घातपाती. स्कर्व्हीचा दोष नियोजनावर जाऊ शकतो. रेशन का पोहोचलं नाही, घरांआधी कारखाना का, असे प्रश्न निघू शकतात. घातपाती आला की हे सगळे प्रश्न मिटतात, कारण अडचणीला चेहरा मिळतो. १९३७-३८ ही स्टालिनच्या धरपकडीची आणि गोळ्या घालण्याची वर्षं. १९३७च्या शरद ऋतूत अतिपूर्वेतल्या पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोकांना हेर ठरण्याची शक्यता म्हणून गाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवलं गेलं. आणि कोम्सोमोलचा सर्वोच्च नेता अलेक्सांद्र कोसारेव? चित्रपट आला त्याच वर्षी, नोव्हेंबरात, अटक. फेब्रुवारी १९३९मध्ये गोळी.

अजून एक. निकोलाय झाबोलोत्स्की हा कवी. मार्च १९३८मध्ये लेनिनग्राडमध्ये पकडला गेला. लेनफिल्मही लेनिनग्राडचीच. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला पाठवलं कुठे? कोम्सोमोल्स्कच्या परिसरातल्या छावणीत. एकाच शहरातून एकाच वर्षी एक फिल्मचा डबा बाहेर पडला आणि एक कवी गेला, दोघांवरही पत्ता जवळपास तोच. चित्रपटात खोटं काय आहे असं कोणी विचारलं तर मी संवादांकडे बोट दाखवणार नाही, या कवीकडे दाखवेन.

कोणी बघितलाय का? आणि याच्या जातकुळीतलं आणखी काही आठवतंय का?

---

फिल्मीकिडा

झकास. मी पहिला!

हा बघितलेला नाही, पण दोव्झेन्कोचा 'एरोग्राड' (१९३५) बघितलाय, तो याचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. तोही अतिपूर्व, तीच तैगा, तेच जपानी हेर. फरक असा की 'एरोग्राड' नावाचं शहर कधी बांधलंच गेलं नाही. पडद्यावर म्हातारा शिकारी स्तेपान ग्लुशाक आपल्या जिवलग मित्राला गद्दार म्हणून जंगलात नेऊन स्वतःच्या हाताने गोळी घालतो. शेवटी आकाशभर विमानं. शहराची वीट पडायच्या आधीच शहराचे शत्रू मारून झाले!

त्यात एक चुकची पोरगा आहे, बर्फावरून कितीतरी दिवस घसरत त्या शहरात शिकायला निघालेला. पोचतो तर शहरच नाही. मग म्हणतो, बांधतो आणि मग शिकतो. मला तो प्रसंग फार आवडतो आणि आवडतो म्हणून स्वतःवरच चिडचिड होते.

कॅमेरा एदुआर्द तिस्सेचा. दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा नेहमीचा कॅमेरामन.

---

सुगरण_नाशिक

वाचतेय. रानजाई, मस्त लिहिलंय. सबटायटल्ससकट कुठे मिळेल?

---

तात्या भोईवाडा

लेख वाचला. माहिती चांगली आहे, सूर पटला नाही.

तुम्ही लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरता. ती पोरं खरंच गेली होती. हौसेने गेली होती. कोणी बेड्या घालून आगबोटीत बसवली नव्हती. विशीतली मुलं, बापजाद्यांनी जमीनदाराच्या जमिनीत घाम गाळलेला, यांना कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं की हे शहर तुमचं. आमच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणी असं म्हणालं नाही. गिरण्या गेल्या, टॉवर आले, त्यात आमचं काय?

सोमनाथला बाबा आमटेंच्या श्रमसंस्कार छावणीत मी तरुणपणी जाऊन आलोय. मे महिन्याच्या उन्हात चंद्रपूरच्या जंगलात खड्डे खणले. हाताला फोड आले, रात्री गाणी म्हटली. त्याचा कोणी चित्रपट काढला असता तर तोही तुम्ही प्रचारपट म्हटला असतात का? श्रमाचा आनंद असतो, मॅडम. तो दाखवला म्हणजे लगेच फसवणूक होत नाही.

आणि कैदी-कैदी काय लावलंय. अमेरिकेत रेल्वे कोणी बांधली? अंदमानात जेल कोणी बांधलं?

---

निवांत

+१ तात्या.

---

रानजाई

तात्या, आनंद खोटा आहे असं मी कुठे म्हटलं? आनंद खरा आहे म्हणून तर हा चित्रपट चालतो. खोट्या आनंदावर कोणाचे डोळे पाणावत नाहीत. त्या पोरांच्या आठवणी वाचल्या तर म्हातारपणीही त्यांना ते दिवस सोन्याचे वाटायचे, आणि मी ते मान्यच करते.

पण सोमनाथचा दाखला तुम्हीच दिलात तर विचारते. तिथे छावणी संपल्यावर तुम्ही परत आलात की नाही? येताना कोणी 'पळपुटा' म्हटलं का? कोम्सोमोल्स्कहून पळणाऱ्याला तेच म्हणायचे. आणि सोमनाथला तुमच्या शेजारच्या खड्ड्यात बंदुकीच्या पहाऱ्याखाली कोणी खणत होतं का? माझा मुद्दा एवढाच आहे की त्याच मातीत दोन प्रकारची माणसं राबत होती. पडद्यावर एकाच प्रकारची आली, आणि तिच्या नावावर सगळं काम चढलं.

अंदमान, अमेरिका : कबूल. तिथल्या राज्यकर्त्यांनी 'सेल्युलर जेल आम्ही स्वयंसेवकांनी हसतखेळत बांधलं' असा चित्रपट काढला असता तर त्यावरही धागा काढला असता.

सुगरण_नाशिक, यूट्यूबवर जुन्या सोव्हिएत स्टुडिओंचं बरंच काही असतं, सबटायटलचं मात्र नशीब. मी बघितला त्यातली अर्धी रशियन तशीच गेली, पण भांडणं कळतात.

---

क्राकोवकर

धागा बघून राहवलं नाही. मी कामानिमित्त क्राकोवमध्ये राहतो, आणि ट्रॅमने पाऊण तासाच्या आत नोव्हा हुता. हे पोलंडचं 'तरुणांनी बांधलेलं शहर'. १९४९ला मोगिला वगैरे गावांच्या सुपीक काळ्या जमिनीवर सुरुवात, लेनिनच्या नावाचा पोलाद कारखाना, १९५४च्या जुलैत पहिली भट्टी. 'पोलंडची सेवा' नावाची सरकारी युवक संघटना होती, तिच्या तुकड्या खणायला आणि विटा रचायला. बाकीचे बहुतेक खेड्यातून आलेले शेतकऱ्यांचे मुलगे. आंद्रजेय मुंक पुढे मोठा दिग्दर्शक झाला, त्यानेही १९५१मध्ये नोव्हा हुताकडे चला सांगणारा छोटा माहितीपट केलाय.

सुट्टीच्या दिवशी मी तिथे नुसता भटकतो. मध्यवर्ती चौकातून पंख्यासारखे रस्ते फुटतात. रुंद, झाडीचे, आणि खरं सांगू, राहायला छान आहे. मित्र म्हणतात की त्यांच्या आजीला आयुष्यात पहिल्यांदा नळ आणि स्वतःचं न्हाणीघर इथे मिळालं. गंमत म्हणजे त्या चौकाला आता रोनाल्ड रेगनचं नाव आहे! गुलाबांच्या रस्त्यावर १९७३मध्ये लेनिनचा पुतळा बसवला, १९८९मध्ये काढला. पर्यटकांना खडखडणाऱ्या जुन्या ट्राबांट गाड्यांतून फिरवतात.

आराखड्यात चर्च नव्हतं. देव नसलेलं शहर करायचं होतं. १९६०च्या एप्रिलमध्ये लोकांनी उभा केलेला क्रूस काढायला माणसं आली तर बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या, पोलिसांशी मारामारी झाली. शेवटी चर्च झालंच, १९७७मध्ये, आणि त्याची प्रतिष्ठापना केली कार्डिनल वोयतिवा यांनी. वर्षभराने ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. ज्या कामगारांसाठी शहर, तेच कामगार ऐंशीच्या दशकात सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेच्या बाजूने उभे राहिले.

---

फिल्मीकिडा

क्राकोवकर, तुम्ही नोव्हा हुता काढलंत म्हणजे पोलिश दिग्दर्शक आंद्रजेय वायदा आलाच! त्याचा 'मॅन ऑफ मार्बल', १९७७.

ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी : आग्निएश्का नावाची फिल्म शाळेतली मुलगी आपल्या पदविकेच्या फिल्मसाठी पन्नासच्या दशकातला एक विसरलेला 'आदर्श कामगार' शोधते. मातेउश बिरकुत, गवंडी, नोव्हा हुता. एका पाळीत विक्रमी विटा रचणारा. त्याचा संगमरवरी पुतळा संग्रहालयाच्या तळघरात आडवा पडलाय. ती जुन्या प्रचारपटाचे कापून टाकलेले तुकडे बघते आणि कळतं की विक्रमसुद्धा कॅमेऱ्यासाठी रचला होता. बिरकुतला आधी खायला घालून, चकाचक करून उभं केलं होतं. त्यामागे खरा माणूस होता म्हणतात, प्योत्र ओझान्स्की, ज्याच्या टोळीने १९५०मध्ये एका पाळीत ३० हजारांच्या वर विटा रचल्या.

रानजाईच्या घातपात्याच्या मुद्द्याशी इथे थेट धागा जुळतो. एका प्रात्यक्षिकात कोणीतरी बिरकुतच्या हातात तापलेली वीट देतं. हात भाजतात. लगेच 'घातपात'! आणि पकडतात कोणाला? त्याच्याच जिगरी दोस्ताला, वितेकला. बिरकुत त्याला सोडवायला खेटे घालतो आणि तिथून त्याची उतरंड सुरू होते. १९३८च्या चित्रपटात घातपाती खरा असतो. १९७७च्या चित्रपटात 'घातपाती' आपल्याच बाजूला विटा देत होता.

आणि वायदाने स्वतःलाही सोडलेलं नाही. त्या बनावट प्रचारपटाच्या श्रेयनामावलीत साहाय्यक दिग्दर्शक म्हणून त्याचंच नाव झळकतं.

---

रानजाई

ती नामावली मला फार आवडते! पटकथा अलेक्सांदर श्चिबोर-रिल्स्कीची, साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहिलेली, आणि परवानगी मिळेपर्यंत दशकभराहून जास्त काळ पडून. आणि दिग्दर्शक बुर्स्की बघा ना. ज्याने बिरकुतला घडवला तो नंतर नामवंत, बक्षिसं घेणारा, विमानतळावर पत्रकारांच्या गराड्यात. गवंडी गायब. पुढे चौकशी त्याची होत नाही, कारण कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोणी विचारत नाही की ती माणसं पुढे कुठे गेली.

गेरासिमोवचंही तसंच. मॉस्कोची सरकारी चित्रपट शाळा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. तो वाईट शिक्षक होता असं मी म्हणत नाहीये, उलट त्याने पिढ्या घडवल्या.

---

अनुराधा_पुणे३०

तुमच्या चर्चेने मला थेट शाळेत नेलं. आमच्या घरी 'सोव्हिएत देश' यायचं, मराठीतलं. गुळगुळीत कागद! जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला त्याच्यासारखं काही नाही. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर कायम हेल्मेट घातलेली, हसणारी एक मुलगी असायची, पाठीमागे क्रेन. गणितावर गव्हाचं शेत. त्या क्रेनवाल्या मुलीचं नाव मी नताशा ठेवलं होतं, योगायोग बघा.

दुसरी आठवण थिएटरातली. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची 'समाचार चित्र' दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. फिल्म्स डिव्हिजन १९४८ची, ऑफिस पेडर रोडला. धरण, फीत कापणारा मंत्री, पूर, धरण, पुन्हा फीत. आमचे बाबा तेवढ्या वेळात बाहेर जाऊन सिगरेट ओढून यायचे आणि तरी त्यांचा सिनेमाचा एक मिनिट चुकायचा नाही. तेव्हा प्रश्न असा पडतो की आपल्या सरकारी फिल्म बघून कोणी घर सोडून भिलाईला का नाही गेलं? सोव्हिएत मदतीनेच उभं राहिलेलं ना तेही?

---

तात्या भोईवाडा

कारण आपल्या फिल्ममध्ये माणूसच नव्हता, अनुराधाताई. मंत्री होता आणि सिमेंट होतं.

---

रानजाई

तात्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला पानभर लागलं असतं.

थोडी भर घालते. भिलाई, चंडीगड इथे शहरं उभी राहिली ती अभियंते, कंत्राटदार आणि दुष्काळी भागांतून आलेल्या मजुरांवर. श्रमदानाची हाकही होती : भारत सेवक समाजाच्या स्वयंसेवकांनी पंचावन्नच्या सुमारास बिहारात कोसीच्या बांधांवर माती टाकली. पण आपल्या सरकारी कॅमेऱ्याचा नायक धरण होतं. त्यावर राबणारी बाई डोक्यावर घमेलं घेऊन एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेमला निघून जायची. तिचं नाव नाही, तिचं नवऱ्याशी भांडण नाही. गेरासिमोवने तिला नाव दिलं, भांडण दिलं, विनोद दिला. म्हणून तो धोकादायक आणि म्हणून तो कलावंतही. आपल्या समाचार चित्रांपासून कोणाला धोका नव्हता, सिगरेटवाल्यांचा फायदाच झाला.

---

सत्यशोधक_२०१४

हे सगळं रशियाचं. आजच्या आपल्या प्रचारपटांवर कधी बोलणार? की तेव्हा तोंड शिवलेलं असतं?

---

रानजाई

जरूर बोलू, वेगळा धागा काढा, मी येते. हा अमूरच्या काठीच राहू दे, नाहीतर पन्नासाव्या प्रतिसादाला सगळे एकमेकांचे पगार काढतील.

---

दर्यावर्दी

उशिरा आलो. चित्रपटातलं काही कळत नाही, पण त्या शहराशी आमच्या लोकांचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

'आयएनएस चक्र' आठवत असेल. २०१२मध्ये रशियाकडून भाड्याने घेतलेली अणुपाणबुडी, २०२१मध्ये परत केली. रशियन नाव 'नेर्पा'. ती बांधली गेली कोम्सोमोल्स्क-ना-अमूरेच्या गोदीत. नदीकाठच्या गोदीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत! पाणबुडी तिथे बांधायची आणि मग नदीतून खाली समुद्राकडे न्यायची. लोकांना नवल वाटतं, पण कारण मूळ लेखात आलंच आहे. १९३२मध्ये जागा निवडली तेव्हाच समुद्रापासून लांब हा हेतू होता.

ती बोट तिथे कित्येक वर्षं अर्धवट पडून होती, सोव्हिएत संघ फुटल्यावर पैसेच नव्हते. नोव्हेंबर २००८मध्ये चाचण्यांच्या वेळी अग्निशमन वायू सुटून २० जण गेले. त्यांत बरेचसे नौसैनिक नव्हते, गोदीतले आणि कारखान्यातले लोक होते. नवीन यंत्राच्या चाचणीला बांधणारी माणसंही सोबत असतात, म्हणून. त्यांतल्या काहींच्या घरी आजोबा तंबूत राहिल्याच्या गोष्टी असतील.

सुखोई विमानांचा कारखानाही तिथेच आहे. Su-२७ तिथलंच, म्हणजे सुखोई-२७. (कीबोर्ड बदलला होता.)

---

फिल्मीकिडा

दर्यावर्दी, क्या बात! धाग्याला अणुपाणबुडी लागेल असं वाटलं नव्हतं.

---

अनुराधा_पुणे३०

वाचून कसंसंच झालं. त्या शहरात आता लोक राहतात का बरेचसे, की ओस पडलंय?

---

रानजाई

ओस नाही, पण ओसरतंय. १९८९च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर होते, आता अडीच लाखांच्या खाली. तरुण मुलं पश्चिमेकडे जातात. शहर सगळं तरुणांनी बांधलं नव्हतं हेही आता तिथले लोक मोकळेपणाने सांगतात. युद्धानंतर जपानी युद्धकैद्यांनीही तिथल्या बऱ्याच इमारती बांधल्या. ज्या जपानच्या भीतीने शहर वसवलं, त्याच जपानचे सैनिक तिथे गवंडीकाम करत होते. हा प्रसंग कुठल्याच चित्रपटात नाही, आणि असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

---

तात्या भोईवाडा

चित्रपट बघितला. नातवाने लावून दिला. सबटायटल नव्हते, तरी शेवटपर्यंत बसलो.

माझं मत बदललेलं नाही, पण एक सांगतो. तो हसवणारा, अलेयनिकोव का कोण, तो मला आमच्या गिरणीतल्या खात्यातल्या एका जॉबरसारखा, म्हणजे मुकादमासारखा वाटला. संपात सगळ्यांना धरून ठेवणारा तोच होता, सभेतल्या भाषणांनी नाही, टिंगलटवाळीने. अशी माणसं प्रत्येक कामावर असतात आणि त्यांच्याशिवाय काम होत नाही. दिग्दर्शकाला हे माहीत होतं म्हणजे त्याने कामगार जवळून बघितला असणार. हे श्रेय द्या त्याला.

आणि त्या घातपात्याचं : तो पडद्यावर आला तेव्हा मला कंटाळा आला. तोवर माणसं होती, नंतर पोलीसखात्याची गोष्ट झाली. एवढं मान्य.

---

रानजाई

तात्या, जॉबरचं ते मूळ लेखातल्या माझ्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा सरस आहे. श्रेय दिलं.

---

मृण्मयी_ठाणे

छान चर्चा. एक बावळट प्रश्न : तिथे आधी कोण राहत होतं? खेडं होतं म्हणालात. जंगल 'रिकामं' नसतं ना कधी.

---

रानजाई

बावळट अजिबात नाही. पेर्म्स्कोये हे रशियन शेतकऱ्यांचं खेडं, १८६०मध्ये पेर्म भागातून आलेल्यांनी वसवलेलं. पण त्यांच्याही आधीपासून अमूरवर नानाई लोक राहतात. मासे हे त्यांचं जगणं, अगदी कपडेसुद्धा माशाच्या कातड्याचे. आताच्या शहराच्या जागी त्यांची झ्योम्गी नावाची वस्ती होती. ती उठली आणि तिथे विमानांचा कारखाना आला. शहराच्या त्या भागाला लोक अजून झ्योम्गीच म्हणतात, आणि कारखान्याच्या धावपट्टीचं नावही तेच आहे.

---

तात्या भोईवाडा

हे वर लेखात टाका, खाली कोण वाचत बसणार.

---

रानजाई

संपादनाची मुदत संपली, तात्या. आता इथेच.